तात्यांच्या घड्याळाची पाठ

झुंबर गर्जेच्या मनगटावर तीस वर्षांत कुणी घड्याळ बघितलं नाही. यात कंजूषपणाचा काही संबंध नाही. बफिंगच्या, म्हणजे धातू घासून चमकवायच्या मशीनवर उभं राहणाऱ्या माणसानं हातात काही घालायचंच नसतं. घड्याळ नाही, अंगठी नाही, गंडादोरा नाही, सासऱ्यानं हौसेनं दिलेलं चांदीचं कडंसुद्धा नाही. कापडाचं ते चाक असं गरगरत असतं की दोऱ्याचं एक टोक सापडलं तर आधी दोरा ओढेल, मग मनगट, आणि मग माणूस. बोईसरला कुठल्याही चहाच्या टपरीवर घटकाभर उभे राहा आणि कपाला धरलेली बोटं मोजा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. झुंबरची दहाच्या दहा जागेवर होती, आणि ओळख झाल्यावर पाच मिनिटांत तो हे सांगायचा.

माणूस मूळचा पाथर्डीकडचा. विसाव्या वर्षी चुलतभावाच्या मागून तारापूरच्या कारखान्यात आला तो इथलाच झाला. सालवडला दोन खोल्या, बायको मंदा आणि एक मुलगी मोनाली, ती लग्न होऊन नाशिकला गेलेली. कंपनीत स्टीलचे नळ आणि दारांच्या मुठी बनायच्या. बाकीच्या खात्यांतून त्या काळपट, ओबडधोबड यायच्या आणि झुंबरच्या हाताखालून गेल्या की आरसा व्हायच्या. 'तोंड दिसलं पाहिजे' हा त्याचा एकच नियम. नळात स्वतःच्या मिशा दिसल्याशिवाय तो नळ पुढच्या पेटीत टाकायचा नाही. आणि हा नियम कंपनीपुरता राहिला नव्हता. शेजारणीची समई, वॉचमनचा तांब्या, गणपती मंडळाची घंटा, कुणी काही आणून दिलं की झुंबर जेवणाच्या सुट्टीत ते चाकाला लावून देणार, आणि मोबदल्याचं नाव काढलं तर रागावणार. सालवडच्या निम्म्या देवघरांत त्याच्या हातची चकाकी आहे. असल्या माणसाला कोण वाईट म्हणेल? पण सांगतो, वाईट माणसानं केलेलं नुकसान भरून निघतं एक वेळ. चांगल्या माणसानं मनापासून केलेलं नुकसान भरता भरत नाही.

घड्याळांचं वेड लागलं ते एकोणपन्नासाव्या वर्षी. मुलगी सासरी गेली, संध्याकाळी घर खायला उठायचं, आणि मोबाईलवर कुणीतरी जुनी चावीची घड्याळं उघडून दाखवत होता. झुंबर बघत बसला. एवढंसं ते मशीन, त्यात केसाएवढी स्प्रिंग, आणि ती पन्नास-साठ वर्षांनंतरही धडधडतेय! ज्याला जन्मभर मनगट मोकळं ठेवायची सक्ती झाली त्याला घड्याळाची भुरळ पडावी, यात नवल ते काय? उपाशी माणूसच दुसऱ्याच्या ताटाकडं बघतो.

पहिलं घड्याळ त्यानं फोनवरूनच मागवलं. 'साठ वर्षांपूर्वीचं स्विस, एका डॉक्टरचं' असं लिहिलं होतं. केशरी रंगाची झगझगीत तबकडी, बघताक्षणी जीव जडला. ते घेऊन तो पालघरला आत्मारामकडं गेला. आत्माराम म्हणजे बाजारातल्या एका जिन्याखाली बसणारा घड्याळजी, सत्तरी ओलांडलेला, डाव्या डोळ्यात कायम भिंग. तोंडातून शब्द निघणं मुश्कील, आणि निघाला तर तो झोंबणारा. त्यानं झाकण उघडलं, आत बघितलं आणि म्हणाला, "तबकडी एकाची, रंग गेल्या दिवाळीचा. काटे दुसऱ्याचे. मशीन तिसऱ्याचं. तीन मेलेल्यांचं मिळून एक उभं केलंय."

"म्हणजे फसलो?"

"चालतंय ना? मग पुरता नाही फसलास."

दुसरा कुणी असता तर तिथंच हौसेला रामराम ठोकला असता. झुंबर मात्र त्या दिवसापासून आत्मारामच्या स्टुलावर ठाण मांडून बसायला लागला. सुट्टी आली की पालघर. काटे कुठले, चावी कुठली, तबकडीवरची अक्षरं छापलेली की हातानं रंगवलेली, हे तो शिकत गेला. बोईसरच्या भंगारवाल्यांकडं, शिरगावला किल्ल्यापाशी राहणाऱ्या एका निवृत्त मास्तरांकडं, कुठं कुठं फिरला. वर्षभरात बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात अकरा घड्याळं झाली. रोज सकाळी ड्युटीला जायच्या आधी तो अकराच्या अकरा घड्याळांना चावी द्यायचा आणि मोकळ्या हातानं कामावर जायचा.

"आवं, टाइम तर मोबाईलवर बघता," मंदा म्हणायची, "मग ही पलटण कशाला पोसताय?"

"तुला नाही कळायचं."

"मला कळतंय म्हणूनच इचारते."

एक गोष्ट मात्र झुंबर शिकला नाही, आणि ती आत्मारामनं सांगितली नव्हती असंही नाही. झुंबरची अकराही घड्याळं लखलखत होती. मिळालं घड्याळ की नेलं कंपनीत आणि लावलं चाकाला. आत्मारामनं एकदा डबा उघडून बघितला आणि म्हणाला, "घड्याळं जमवतोस की भांडी?" झुंबरला वाटलं कौतुकच करतोय. हसला आणि डबा बंद केला.

चिंचणीचा पत्ता दिला शैलेशनं. शैलेश त्याच कंपनीत पॅकिंगला, राहायला चिंचणीला. "आमच्या आळीत तात्या होते," तो म्हणाला, "दागिन्यांचे ठसे कोरायचे. मुंबईचे मोठमोठे सराफ घरी यायचे त्यांच्याकडं. दोन जुनी घड्याळं आहेत त्यांची. तात्या वारले. घरात दमयंतीकाकू आणि सून. जाऊन बघ."

आता ठसे म्हणजे काय, ते सांगायला हवं. पोलादाच्या ठोकळ्यावर बारीक छिन्नीनं फूल, पान, वेल उलटी कोरायची. सोनार त्यावर सोन्याचा पत्रा ठेवून दाबतो आणि तेच फूल पत्र्यावर उठतं. चिंचणी-वरोरच्या बाजूला घराघरांत हे काम चालायचं, अजूनही चालतं. पडवीत बसून, पाठीचं धनुष्य करून, आठ-आठ दिवस एकाच पानावर. एक चांगला ठसा सोनाराच्या तीन पिढ्या पुरतो. तात्यांनी पन्नास वर्षं हेच केलं.

झुंबर गेला तेव्हा दमयंतीबाई पडवीतल्या झोपाळ्यावर बसल्या होत्या. ऐंशीच्या घरातली बाई. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले, उजेड आणि अंधार एवढाच फरक कळायचा. हातात घड्याळ. डाव्या तळहातावर ते पालथं ठेवलेलं आणि अंगठा त्याच्या पाठीवरून सावकाश फिरत होता. म्हाताऱ्या माणसांना असल्या सवयी असतात, झुंबरनं मनात म्हटलं आणि विषय सोडून दिला.

ताकाला जाऊन भांडं लपवायची खोड कुणाला नसते? झुंबरनं आधी वाडीतल्या चिकूंची चौकशी केली, मग पाण्याची, मग वाऱ्याची. शेवटी दमयंतीबाईच म्हणाल्या, "घड्याळासाठी आलायस ना? शैलेश सांगून गेला. हे नाय मिळणार हां. हे तात्यांच्या हातातलं हाय. दुसरं हाय ते मेघाली दाखवील."

मेघाली म्हणजे सून. ती आतून लाल मखमली डबी घेऊन आली. एका सराफानं तात्यांना खूश होऊन दिलेलं स्विस घड्याळ. सोनेरी कडा, पांढरी शुभ्र तबकडी, तिच्यावर एक डाग नाही, एक रेघ नाही. तात्यांनी दोन लग्नांत घातलं असेल, नसेल. झुंबरनं नखानं झाकण उघडून आत बघितलं. मशीन, काटे, तबकडी, सगळं एकाच घड्याळाचं! असलं त्यानं फक्त मोबाईलवर बघितलं होतं.

"काय घ्याल याचं, मावशी?"

"पैशे नको मला." दमयंतीबाईंनी हातातलं घड्याळ पुढं केलं. "हे बंद हाय. पाच वरसं झाली. तात्यांच्या शेवटच्या आजारात बंद पडलं, मंग कुणी बघितलं नाय. हे चालू करून आण. माझ्या कानाला टिकटिक लागली पायजे. लागली की ते डबीतलं तुझं."

मेघालीनं सासूकडं बघितलं. "आई, अहो, ओळख ना पाळख—"

"शैलेशच्या कंपनीतला हाय. कुठं जातोय?"

झुंबरनं घड्याळ रुमालात गुंडाळलं, वरच्या खिशात ठेवलं आणि बाईक थेट पालघरला काढली. वाटेत त्यानं मंदाला फोन करून सांगितलं की देव बरोबर वेळेवर देतो.

घड्याळ देशी, साधं, रोजच्या वापरातलं चावीचं होतं. आत्मारामनं ते उघडलं, मशीन बाहेर काढलं आणि म्हणाला, "तेल सुकलंय. आठ दिवस."

रिकामं कवच आणि मागचं झाकण समोर पडलं होतं. पार मळकं, कडांना हिरवट थर, पाठीवर ओरखडे.

"हे मी साफ करून आणतो," झुंबर म्हणाला.

आत्मारामच्या चिमट्यात त्या वेळी केसाएवढी स्प्रिंग होती. त्यानं मान वर केली नाही. झुंबरनं कवच आणि झाकण खिशात टाकलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यानं डबा खायच्या आधी ते काम काढलं. चाकाला चकाकीच्या हिरव्या मसाल्याची वडी लावली. झाकण चिमटीत धरलं. पाठीवर काय होतं? एक वाकडी, पुसट रेघ, तिच्या बाजूला तीन-चार आखूड रेघा, कडेला बारीक टिंबं. मनगटाच्या घामानं आणि घासानं पार झिजलेलं. असले ओरखडे त्यानं तीस वर्षांत लाखांनी काढले असतील. तरी या वेळी त्यानं घाई केली नाही. म्हातारीचं काम, नवऱ्याची आठवण, चोख झालं पाहिजे. म्हणून आधी जाडं चाक, मग मऊ, मग शेवटचं फडक्याचं. तीन मिनिटं. झाकण डोळ्यांसमोर धरलं तर त्यात अख्खं तोंड दिसलं, मिशांसकट. झुंबर स्वतःवर खूश झाला आणि जेवायला बसला.

आत्मारामनं ते झाकण हातात घेतलं आणि पाठीवरून नख फिरवलं.

"काय झालं?" झुंबरनं विचारलं.

"पाठीवर काही होतं का?"

"ओरखडे होते."

"हं." आत्मारामनं झाकण बसवलं. "जुन्याला नवं करायचं नसतं रे. एकदा सांगितलं होतं." मग घड्याळाला चावी दिली आणि ते झुंबरच्या कानाला लावलं. टिकटिक अशी ठणठणीत की झुंबर बाकीचं सगळं विसरला.

सुट्टीच्या दिवशी सकाळीच तो चिंचणीला पोचला. दमयंतीबाई वाटच बघत होत्या. झुंबरनं घड्याळ त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी ते कानाशी नेलं. आणि त्या बाईचा चेहरा असा फुलला की मेघालीनंसुद्धा डोळ्यांना पदर लावला. "चालतंय ग," दमयंतीबाई म्हणाल्या. "तसंच चालतंय. जरा लंगडतं बघ, पयल्यापासून लंगडतं." दोन-तीन मिनिटं त्या नुसत्या ऐकत राहिल्या. झुंबरला वाटलं, आता डबी.

मग त्यांनी घड्याळ कानापासून खाली घेतलं, डाव्या हातावर पालथं ठेवलं आणि अंगठा फिरवला.

अंगठा थांबला. पुन्हा फिरवला. उजवीकडून डावीकडं, मग वरून खाली. मग दुसऱ्या हाताचा अंगठा लावला.

"हे आमचं नाय," त्या म्हणाल्या.

"मावशी, तेच आहे."

"हे आमचं नाय रे. पाठीवर पान हाय आमच्या. तात्यांनी कोरलेलं. लग्न झालं त्या साली माझ्या कुड्यांचा ठसा केला होता, त्यातलंच पान. मोठी शीर, बाजूला बारक्या शिरा, कडंनं टिंबं. झिजलंय, डोळ्याला दिसत नसेल. पण माझ्या अंगठ्याला सगळं दिसतं. हे गुळगुळीत हाय. कुणाचं हाय हे?"

वाकडी रेघ, आखूड रेघा, टिंबं. झुंबरला सगळं आठवलं. आणि त्यानं खरं काय ते लगेच सांगितलं, हे त्याच्या बाजूनं नोंदवायला हवं. "मावशी, माझ्या हातून चूक झाली. मला ओरखडे वाटले. मी मशीनवर घासलं. तीन मिनिटांत पुसलं गेलं ते."

"पुसलं गेलं?" दमयंतीबाईंचा आवाज चढला. "पोलादात कोरलेलं पुसतं काय रे? पन्नास वरसं माझ्या पडवीत छिन्नी वाजली. एक पान कोरायला आठ दिवस लागायचे. सोनारांच्या तीन पिढ्या ठसे ठोकतात तरी पुसत नाय, आन तू तीन मिनिटांत पुसलंस? मला आंधळीला सांगतोस? तात्यांच्या बायकोला सांगतोस?"

आता सांगा, ती बाई चूक होती का? तिच्या घरात पोलादावर कोरलेलं म्हणजे कायमचं, हे तिनं जन्मभर बघितलेलं. आणि झुंबरच्या कारखान्यात पोलादावरचं काहीही पाच मिनिटांत जातं, हे त्यानं जन्मभर केलेलं. चिंचणीपासून कारखान्यांचं अंतर ते कितीसं, पण दोन्हीकडचं पोलाद वेगळं. झुंबरनं खरं सांगितलं तेच खोटं ठरलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

मेघालीचा तोल सुटला. तिनं जे तोंडाला येईल ते सुनावलं. बाहेरून माणसं येतात, गोड बोलतात, म्हाताऱ्या बाईला आंधळी बघून लुबाडतात. शेजारची दोन माणसं फाटकाशी येऊन उभी राहिली. झुंबर शपथा घेत होता, मोनालीची, आईची, गावाकडच्या मोहटादेवीची. जितक्या शपथा वाढल्या तितका तो जास्त चोर दिसायला लागला.

दमयंतीबाईंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. मग झुंबरला जवळ बोलावलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "हे बघ बाबा. तुला आवडलं असेल. होतं माणसाला. मी पोलिसात नाय जाणार, कुणाला काय सांगणार नाय. डबीतलं पण घेऊन जा पायजे तर. फक्त आमचं आणून दे. हे जे कुणाचं हाय ते तुझ्याकडंच ठेव."

आणि तात्यांचं घड्याळ त्यांनी परत त्याच्या हातात दिलं.

पुढचे पंधरा दिवस झुंबरनं कसे काढले ते त्यालाच ठाऊक. शैलेशनं कुणाला सांगितलं की नाही देव जाणे, पण कंपनीत बातमी पोचली. कॅन्टीनमध्ये कुणीतरी "ए, आपापली घड्याळं सांभाळा रे" म्हणालं आणि सगळे हसले. हसण्यावारी नेलेली गोष्ट, पण झुंबरनं डबा तसाच बंद केला. तीस वर्षांत त्यानं कंपनीतला एक खिळा घरी नेला नव्हता. शेजारीण समई घेऊन आली तर त्यानं दारातूनच परत पाठवली. सकाळी अकरा घड्याळांना चावी द्यायचं सोडलं. तात्यांचं घड्याळ मात्र तो रोज चावी देऊन उशाशी ठेवायचा. दुसऱ्याची वस्तू, बंद पडू द्यायची नाही.

"मी येऊ का तिकडं?" मंदानं विचारलं. "बाईमाणसाचं बाईमाणूस ऐकंल."

"काय सांगशील?"

"सांगीन, आमचा माणूस मूर्ख हाय, चोर नाही."

हे झुंबरला फार लागलं, कारण त्यापेक्षा चांगली बाजू त्याला स्वतःलाही मांडता आली नसती.

शेवटी तो आत्मारामकडं गेला. सगळं ऐकून आत्मारामनं भिंग लावलं, घड्याळ पालथं केलं आणि झाकण उघडलं. झाकणाची आतली बाजू झुंबरसमोर धरली. "हे काय आहे?"

"ओरखडे."

"तुला सगळे ओरखडेच दिसतात. नीट बघ."

भिंगातून बघितल्यावर दिसलं. सुईनं खरडलेली बारीक अक्षरं. तीन ओळी, प्रत्येकीत एक 'आ' आणि पुढं आकडे. घड्याळजी घड्याळ दुरुस्त केलं की झाकणाच्या आत आपली खूण आणि तारीख खरडून ठेवतो. पुढं कधी ते परत आलं तर कळावं, शेवटचं कोणी, केव्हा उघडलं. बफचं चाक झाकणाच्या खोलगट भागात पोचत नाही, म्हणून ते वाचलं होतं.

"माझी खूण आहे," आत्माराम म्हणाला. "तात्या कोण ते मला आठवत नाही. पण घड्याळ माझ्याकडं याआधी तीनदा आलंय. तारखा आहेत. या खेपेची तेवढी टाकायची राहिली."

झुंबर स्टुलावरून उठून उभाच राहिला. "वाचलो!" तो ओरडला. जिन्यावरून जाणारी माणसं थांबून बघायला लागली. त्यानं त्या म्हाताऱ्याचे पाय धरले. आत्मारामनं पाय मागं घेतले आणि रविवारी अर्धा दिवस दुकान बंद ठेवायचं कबूल केलं. हे त्यानं याआधी स्वतःच्या मुलाच्या लग्नातच केलं होतं म्हणतात.

रविवारी दोघं चिंचणीला गेले. मेघालीनं त्यांना पडवीच्या पायरीवरच थांबवलं, पण आत्मारामचं वय बघून खुर्ची दिली. दमयंतीबाई झोपाळ्यावर होत्या. झुंबरचा आवाज ऐकताच त्यांनी दोन्ही हात पुढं केले.

"आणलंस?"

"मावशी, आधी यांचं ऐका. हे पालघरचे घड्याळवाले."

आत्माराम म्हणाला, "बाई, तात्यांनी घड्याळ पालघरला कितीदा दुरुस्तीला नेलं होतं, आठवतंय?"

दमयंतीबाईंनी हात परत मांडीवर ठेवले. "आठवतंय तर. तीनदा. पयल्यांदा पंप बसवला तेव्हा विहिरीत पडलं. शहाऐंशी साल, पाऊस सुरू झालेला. मंग ही मेघाली लग्न होऊन आली, त्याच्या आधीच्या दिवाळीत. आन शेवटी तात्यांच्या पायाचं ऑपरेशन झालं तेव्हा. चौदा साल, थंडी होती."

आत्मारामनं झाकण उघडून मेघालीच्या हातात दिलं, वर भिंग दिलं. "तुमीच वाचा, बाई. मोठ्यानं."

मेघाली उजेडाकडं वळली. "आ... सात, शहाऐंशी." ती थांबली. "आ, दहा, दोन हजार पाच." तिचं लग्न दोन हजार पाचच्या डिसेंबरातलं. तिचा आवाज बारीक झाला. "आ, एक, दोन हजार चौदा."

मग मेघाली झुंबरकडं वळली आणि तिनं हात जोडले. "भाऊ, माफ करा. आमी तुमाला काय काय बोललो. शेजाऱ्यांसमोर बोललो. मी सगळ्यांना सांगीन, शैलेशला सांगीन. आई, हेच हाय आपलं घड्याळ. यांनी बदललं नाय." आणि ती डोळे पुसत आत गेली, डबी आणायला.

झुंबरच्या छातीवरचा धोंडा उतरला. पंधरा दिवसांत पहिल्यांदा त्यानं पोटभर श्वास घेतला. चोर नाही! सगळ्यांसमोर, पांढऱ्यावर काळं, चोर नाही! त्याला आधी मंदाला फोन करावासा वाटला, मग शैलेशला, मग कॅन्टीनमधल्या त्या हसणाऱ्या प्रत्येकाला. आत्मारामनं झाकण बसवलं आणि घड्याळ दमयंतीबाईंच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी ते पालथं केलं नाही. कानालाही लावलं नाही. मूठ मिटून तशाच बसून राहिल्या.

"मंग आमचं कुठंच नाय?" त्यांनी विचारलं.

झुंबरला कळलं नाही. "हेच ना, मावशी."

"ते पान. ते कुठंच नाय आता?"

झुंबरनं आत्मारामकडं बघितलं. आत्माराम खाली बघत होता.

"नाही, मावशी," झुंबर म्हणाला.

दमयंतीबाईंनी मान हलवली. रडल्या नाहीत, चिडल्या नाहीत. "पंधरा दिवस मी रोज मेघालीला सांगत होते," त्या म्हणाल्या, "त्याच्या घरात हाय ग. कुठंतरी डब्यात ठेवलं असेल. बायको-पोरं असतील त्याला, आज ना उद्या लाज वाटेल, येईल घेऊन. फाटक वाजलं की मला वाटायचं, आला." त्यांनी मिटलेली मूठ मांडीवर ठेवली. "तू चोर असतास तर बरं झालं असतं रे बाबा. चोराच्या घरी असतं तरी."

मेघाली लाल डबी घेऊन बाहेर आली तेव्हा झुंबर पायरीवर बसून चपला घालत होता.